कशाच्या ऐवजी? : स्निग्ध आहार आणि फुप्फुसे

‘तेलकट खाऊ नकोस, छातीत कफ होईल’ हे वाक्य लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. घरात कोणाला खोकला झाला की तळण बंद होते, तूप बंद होते आणि शेंगदाण्यांचा डबा वरच्या फळीवर जातो. दुसरीकडे औषधाच्या दुकानात माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या मिळतात आणि ‘ओमेगा-३’ मेदाम्लांनी फुप्फुसे कशी निरोगी राहतात याचे लेख वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत येत असतात. स्निग्ध पदार्थ फुप्फुसांना वाईट आणि स्निग्ध पदार्थ फुप्फुसांना चांगले, ही दोन्ही विधाने एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदतात. वर्गात एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘सर, यांतले खरे कोणते?’ असे विचारले तर शिक्षकाची पंचाईत होते, कारण ‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे सांगणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

या लेखात आम्ही त्या संशोधनाचीच तपासणी करणार आहोत. प्रौढ माणसाच्या आहारातील स्निग्धांश आणि त्याच्या फुप्फुसांची कार्यक्षमता यांवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ काम झाले आहे आणि त्यातले काही उत्तम आहे. परंतु त्यातून काढलेले निष्कर्ष वाचताना एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. तो प्रश्न असा : कशाच्या ऐवजी?

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदके व प्रथिने यांच्यापासून सुमारे ४. ताटातून दोन चमचे तूप काढले तर एक तर माणूस तेवढा उपाशी राहतो, नाहीतर त्या जागी भात, भाकरी, साखर असे काहीतरी येते. ‘कमी तुपाचा आहार’ असा एकटा आहार कोठेच नसतो. असतो तो ‘तुपाऐवजी भात’ किंवा ‘तुपाऐवजी भूक’. औषधाची गोळी बंद केली तर तिची जागा रिकामी राहते. अन्नाचे तसे नाही. म्हणून एका गटाने काय खाल्ले एवढे सांगून भागत नाही, दुसऱ्या गटाच्या ताटात काय होते हेही सांगावे लागते.

तीन वाटा

प्रथम एक सरमिसळ दूर करू. तेलाचा आणि फुप्फुसांचा संबंध तीन वेगवेगळ्या वाटांनी येतो. कढईतले तेल फार तापले की त्यातील ग्लिसरॉलचे विघटन होऊन ॲक्रोलीन नावाचा झोंबरा पदार्थ तयार होतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकला येतो. ही वाट धुराची आहे, पोटाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात उच्च तापमानाच्या तळणीतून निघणाऱ्या धुराला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात घातले आहे. त्यामागचा माणसांतला पुरावा मुख्यतः धूम्रपान न करणाऱ्या चिनी स्त्रियांच्या पाहणीतून आला होता. भजी खाणाऱ्यापेक्षा ती तळणारीच्या फुप्फुसांची चिंता आधी करावी, असा याचा अर्थ होतो; पण आपल्याकडे खोकला झाला की तळणारीला कोणी स्वयंपाकघराबाहेर काढत नाही.

दुसरी वाट चुकीची, म्हणजे थेट श्वासनलिकेची. तान्ह्या मुलांच्या नाकात तेल किंवा तूप सोडण्याची प्रथा आपल्याकडे आहे. म्हातारी माणसे बद्धकोष्ठासाठी पातळ पॅराफिन घेतात. तेल बुळबुळीत असल्याने ते श्वासनलिकेत उतरले तरी ठसका लागत नाही आणि ते निमूटपणे वायुकोशांपर्यंत जाते. त्यातून एक विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया होतो. त्याचे वर्णन १९२५ पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. तेलाने फुप्फुसाची थेट हानी होते ती येथे. तिसरी वाट आहाराची. ‘तेलकटाने कफ होतो’ या समजुतीत पहिल्या दोन वाटांचा अनुभव तिसरीच्या नावावर जमा झाला असावा, अशी आम्हांला शंका आहे. पुढे आपण फक्त तिसऱ्या वाटेबद्दल बोलू.

त्याआधी एक गंमत सांगण्यासारखी आहे. फुप्फुसातील वायुकोश उघडे राहतात तेच मुळी स्निग्ध पदार्थामुळे. वायुकोशांच्या आतल्या ओलसर थरावर सर्फॅक्टंट नावाचा पातळ पापुद्रा असतो. तो पृष्ठताण कमी करतो, आणि तो नसेल तर उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश मिटून जातील. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेता येत नाही त्याचे कारण या पापुद्र्याचा अभाव हे आहे, असे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ साली दाखवले. सर्फॅक्टंटचा सुमारे ९० टक्के भाग स्निग्ध असतो आणि त्यातील प्रमुख रेणूला पामिटिक आम्लाच्या दोन साखळ्या जोडलेल्या असतात. पामिटिक आम्ल म्हणजे संपृक्त मेदाम्ल. तुपात आणि पामतेलात भरपूर असलेले, ज्याची आरोग्य पुरवण्यांत सर्वांत जास्त निंदा होते तेच. यावरून ‘तूप खा, फुप्फुसे उघडी राहतील’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. वायुकोशातील पेशी हा पदार्थ स्वतः बनवतात आणि लागणारे पामिटिक आम्ल साखरेपासूनही तयार करू शकतात. ताटातला रेणू आणि अवयवातला रेणू सारखा दिसला म्हणून एकातून दुसरा आला असे ठरत नाही. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून बुद्धी वाढवतो, या तर्काची ही जरा सुशिक्षित बहीण आहे.

१९९४ सालचे दोन निबंध

माशाच्या तेलाची कीर्ती फुप्फुसांच्या क्षेत्रात पसरवण्यात १९९४ सालच्या एका अमेरिकी निबंधाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील चार ठिकाणच्या ४५ ते ६४ वर्षे वयाच्या लोकांची हृदयविकारासंबंधी एक मोठी पाहणी चालू होती. त्यातील धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी करीत असलेल्या ८९६० व्यक्तींची माहिती एयाल शहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. कोण किती मासे खातो हे प्रश्नावलीवरून काढले, फुप्फुसांची क्षमता स्पायरोमीटरने मोजली. या यंत्रात माणूस पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली हे पाहतात. निरोगी प्रौढात हा आकडा साधारण तीन-चार लिटर असतो. श्वासनलिका अरुंद झाल्या की तो उतरतो. तो उतरत जाऊन कायमचा खाली राहिला की त्या विकाराला आपले डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात.

निष्कर्ष डोळ्यांत भरणारा होता. माशांतील ओमेगा-३ मेदाम्ले सर्वांत जास्त खाणाऱ्या चौथ्या भागातील लोकांत, सर्वांत कमी खाणाऱ्या चौथ्या भागाच्या तुलनेत, स्पायरोमीटरने ओळखलेल्या सी.ओ.पी.डी.ची संभाव्यता जवळजवळ निम्मी आणि एम्फिसीमाची, म्हणजे वायुकोशांच्या नासाडीची, संभाव्यता एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. धूम्रपान, वय वगैरे घटकांचा हिशेब करूनही हा फरक उरत होता.

आता आपला प्रश्न विचारू. अमेरिकेत जो जास्त मासे खातो तो कशाच्या ऐवजी खातो? बहुतेक वेळा मांसाच्या ऐवजी, आणि त्यातही खारवलेल्या व धुरावलेल्या डुकराच्या मांसाच्या ऐवजी. पुढे २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्याच मोठ्या पाहण्यांत असे दिसले की, असे टिकवलेले मांस जास्त खाणाऱ्यांत सी.ओ.पी.डी. जास्त आढळतो, त्यातील नायट्राइटकडे बोट दाखवले जाते. मग १९९४ चा फायदा मासा ताटात आल्याचा की बेकन ताटातून गेल्याचा? प्रश्नावलीतून याचे उत्तर निघत नाही. मालवणात तर बांगडा ताटात आल्याने डुकराचे मांस हलत नाही, हलली तर फार तर डाळ हलते. तेव्हा अमेरिकेतील आकडा जसाच्या तसा कोकणात आणून चालत नाही.

दुसरी अडचण अशी की, ही पाहणी एका क्षणाचे छायाचित्र होते. आहार आणि फुप्फुसे यांची मोजणी एकाच वेळी झाली. कमी मासे खाल्ल्याने फुप्फुस बिघडले, की दम लागायला लागल्यावर खाणेच बदलले, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. तिसरी अडचण धूम्रपानाची. ‘हिशेब केला’ याचा अर्थ माणसाने सांगितलेल्या सिगारेटींचा हिशेब केला. किती खोल ओढल्या, घरात आणखी कोण ओढत होते, कामावर धूळ किती होती, हे त्यात येत नाही. जो माणूस आरोग्याचा विचार करून मासे खातो तो या न मोजलेल्या बाबतींतही वेगळा असण्याचा संभव आहे.

अशा न मोजलेल्या फरकांचे काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, काही महिने आधी छापले गेले होते. गाजर आणि हिरव्या भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक पाहण्यांनी सांगितले होते. श्रेय बीटा-कॅरोटीनला दिले गेले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत वाटून, काहींना बीटा-कॅरोटीन आणि काहींना नुसती गोळी वर्षानुवर्षे दिली. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. एकाच वर्षातले हे दोन निबंध वरिष्ठ विद्यार्थ्यांनी शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. त्यापुढे पाठ्यपुस्तकातले ‘वैज्ञानिक पद्धत’ हे प्रकरण फिके वाटेल.

१९९४ चा निबंध मोडीत काढावा असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यावरील काही आक्षेपांना २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने चांगले उत्तर दिले. त्यात प्रश्नावलीवर भरवसा न ठेवता रक्तातील मेदाम्ले मोजली होती आणि एकदा नव्हे तर अनेक वर्षे फुप्फुसांची मोजणी केली होती. पंधरा हजारांहून अधिक लोक, बहुतेक सुरुवातीला निरोगी. रक्तातील एकूण मेदाम्लांत डी.एच.ए. या ओमेगा-३ मेदाम्लाचा वाटा एक टक्क्याने जास्त असेल, तर पहिल्या सेकंदातील उच्छ्वासाची वार्षिक घट १.४ मिलिलिटरने कमी होती. शिवाय संशोधकांनी ब्रिटनमधील पाच लाख लोकांच्या आनुवंशिक माहितीचाही आधार घेतला. ओमेगा-३ ची पातळी थोडी वर ठेवणारी जनुके कोणाला मिळावीत हे निसर्ग जन्मतःच चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतो; त्यात माणसाच्या सवयींची लुडबुड कमी. तेथेही दिशा तीच निघाली.

पण १.४ मिलिलिटर म्हणजे किती? वीस वर्षांत २८ मिलिलिटर. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी प्रौढाचे फुप्फुस वयोमानाने एका वर्षात साधारण तेवढेच उतरते. याच्या शेजारी अमेरिकेतील ‘लंग हेल्थ स्टडी’ या दीर्घ अभ्यासाचे ११ वर्षांचे आकडे ठेवा. धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांत वार्षिक घट सुमारे ६६ मिलिलिटर, सोडलेल्यांत सुमारे ३०. म्हणजे बिडी सोडल्याने वर्षाला ३६ मिलिलिटर वाचतात, आणि रक्तातील डी.एच.ए. एक टक्क्याने वाढले तर, संबंध खरोखर कार्यकारणाचा आहे असे मानले तरी, १.४. वृत्तपत्रांतील मथळ्यांना हे दोन आकडे एकत्र छापणे बहुधा परवडत नसावे. शाकाहारी वाचकांसाठी एवढेच सांगतो की, जवसाच्या चटणीत ओमेगा-३ आहे, पण ते वेगळ्या प्रकारचे, त्याचे डी.एच.ए.मध्ये रूपांतर आपल्या शरीरात फारच थोडे होते. २०२३ चा निष्कर्ष जवसाला लावता येत नाही.

सुंदर यंत्रणेचा मोह

दम्याच्या बाबतीत कथा निराळ्या टोकापासून सुरू झाली. १९९७ मध्ये ब्लॅक आणि शार्प या ब्रिटिश संशोधकांनी एक कल्पना मांडली. पाश्चात्त्य देशांत लोणी व मासे कमी झाले, वनस्पतितेले आणि मार्गारिन वाढले. म्हणजे लिनोलेइक आम्ल वाढले. लिनोलेइक आम्लापासून शरीरात ॲराकिडोनिक आम्ल बनते, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनते आणि ते प्रतिकारशक्तीला ॲलर्जीच्या दिशेने ढकलते. त्याच काळात दमाही वाढला. कड्या एकमेकींत चपखल बसत होत्या.

चपखल बसणारी यंत्रणा हा पुरावा नव्हे, हे मात्र अशा वेळी विसरले जाते. त्या दशकांत मार्गारिनबरोबर मोटारी, गालिचे, प्रतिजैविके, बंद खिडक्यांची घरे असे बरेच काही वाढत होते. साखळीतली पहिली कडीही वाटली तितकी पक्की नाही. आहारातील लिनोलेइक आम्ल कमी-जास्त केल्याने प्रौढांच्या ऊतींतील ॲराकिडोनिक आम्लात फारसा बदल होत नाही, असे २०११ च्या एका पद्धतशीर आढाव्यात दिसून आले; शरीर ती पातळी आपल्या हिशेबाने सांभाळते. आणि उलट बाजूने, दमेकऱ्यांना माशाचे तेल देऊन पाहिलेल्या नऊ नियंत्रित प्रयोगांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २००२ मध्ये घेतला, तेव्हा कोणताही सातत्याने दिसणारा फायदा आढळला नाही. आपल्याकडे करडई आणि सूर्यफुलाच्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते. त्यांना दम्याचे अपराधी ठरवायला एवढ्यावरून आधार मिळत नाही.

संपृक्त स्निग्धांशाविरुद्ध सर्वांत नेमका पुरावा ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथील लिसा वूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दिला. दमेकऱ्यांना एकदाच भरपूर स्निग्ध जेवण दिले. चार तासांत त्यांच्या थुंकीतील न्यूट्रोफिल पेशी वाढल्या, आणि श्वासनलिका रुंदावणारे औषध घेतल्यावर मिळणारा आराम कमी टिकला. प्रयोग कल्पक आहे आणि निष्कर्ष गंभीर आहे. पण तुलनेचे ताट पाहा. एका गटाच्या जेवणात सुमारे ६० ग्रॅम स्निग्धांश आणि सुमारे ३८०० किलोज्यूल ऊर्जा. दुसऱ्याच्या जेवणात ३ ग्रॅम स्निग्धांश आणि सुमारे ८०० किलोज्यूल. म्हणजे एकाला मेजवानी, दुसऱ्याला न्याहारी. सूज आली ती स्निग्धांशाने, की चौपटीहून जास्त अन्न एकदम पोटात गेल्याने? सारख्याच ऊर्जेचे भात-साखरेचे जेवण तिसऱ्या गटाला दिले असते तर उत्तर मिळाले असते. आहारविषयक कोणत्याही प्रयोगात आम्ही हा तिसरा गट आधी शोधतो.

फळ्यावरचे गणित

याच प्रश्नाचे एक अंग दहावी-अकरावीच्या फळ्यावर सोडवता येते. ग्लुकोजच्या एका रेणूच्या ज्वलनाला ऑक्सिजनचे ६ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू बाहेर पडतात; गुणोत्तर १. पामिटिक आम्लाच्या एका रेणूला ऑक्सिजनचे २३ रेणू लागतात आणि १६ रेणू कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणोत्तर सुमारे ०.७. याला श्वसन-गुणांक म्हणतात. ऊर्जेच्या मापात पाहिले तर ग्लुकोजपासून प्रत्येक किलोकॅलरीमागे सुमारे ०.२० लिटर आणि पामिटिक आम्लापासून सुमारे ०.१५ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

ज्याचे फुप्फुस कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताना थकते अशा रुग्णाला भात-साखरेऐवजी स्निग्ध आहार दिला तर फुप्फुसावरचे ओझे हलके होईल, ही कल्पना यातूनच आली. १९८० च्या सुमारास शिरेतून भरमसाट ग्लुकोज दिलेल्या रुग्णांचा श्वास त्यामुळे वाढतो असे दिसले होते. त्यानंतर निम्म्याहून अधिक ऊर्जा स्निग्धांशातून देणारे, फुप्फुसाच्या रुग्णांसाठीचे खास द्रवाहार बाजारात आले. म्हणजे ‘तेलकट बंद’च्या नेमके उलटे.

गणित पुढे न्या. रुग्णाला दिवसाला १५०० किलोकॅलरी हव्या आहेत. सोयीसाठी उरलेली सर्व ऊर्जा कर्बोदकांची धरू. स्निग्धांशाचा वाटा ३० टक्के असेल तर सुमारे २७८ लिटर वायू तयार होईल. तो ५५ टक्के केला तर सुमारे २५९ लिटर. फरक ७ टक्क्यांच्या आत. मग त्या ग्लुकोजच्या रुग्णांना एवढा त्रास का झाला? कारण त्यांना गरजेपेक्षा फार जास्त ऊर्जा मिळत होती, आणि जादा साखरेचे चरबीत रूपांतर होताना कार्बन डायऑक्साइड आणखी बाहेर पडतो. १९९२ साली टॅल्पर्स आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वासयंत्रावरील २० रुग्णांत हे दोन्ही मुद्दे वेगळे करून पाहिले. एकूण ऊर्जा तीच ठेवून कर्बोदकांचा वाटा ४० वरून ७५ टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा वायूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. वाटा तोच ठेवून एकूण ऊर्जा गरजेच्या दुपटीपर्यंत नेली, तेव्हा वायू एक तृतीयांशाहून अधिक वाढला. येथेही एक शंका घेतली पाहिजे. एकेका भागात दहाच रुग्ण असताना, फळ्यावरच्या गणिताने सांगितलेला लहानसा फरक असला तरी तो पकडता येणे कठीण आहे. पण दोन परिणामांतील मोठा कोणता, हे मात्र त्यातून उघड होते.

तुलनेच्या ताटाचे महत्त्व सर्वांत कठोरपणे दिसले ते अतिदक्षता विभागात. तीव्र श्वसन-निकामीपणाच्या १४६ रुग्णांवरील एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. माशाचे तेल व गॅमा-लिनोलेनिक आम्ल असलेला द्रवाहार घेणाऱ्यांना श्वासयंत्र कमी दिवस लागले. तुलनेच्या गटाला दिलेला द्रवाहारही स्निग्धच होता, मात्र त्यातील स्निग्धांश जवळजवळ सगळा मक्याच्या तेलाचा, म्हणजे लिनोलेइक आम्लाने भरलेला. मग माशाच्या तेलाने बरे वाटले की मक्याच्या तेलाने बिघडले? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओमेगा’ प्रयोगात तुलनेच्या गटाला मक्याच्या तेलाऐवजी कर्बोदकयुक्त पूरक आहार दिला. मेदाम्ले देण्याची पद्धतही थोडी बदललेली होती. २७२ रुग्ण झाल्यावर प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. साठ दिवसांतील मृत्यू मेदाम्ले घेणाऱ्या गटात २६.६ टक्के, तुलनेच्या गटात १६.३ टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो, असे सांख्यिकी म्हणते, पण अगदी काठावर. दरम्यानच्या एका तपात जगभरच्या अनेक रुग्णांना हा आहार ‘सिद्ध झालेला’ म्हणून दिला गेला होता.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडील सी.ओ.पी.डी.चे कितीतरी रुग्ण धूम्रपान न करणारे आहेत. त्यांत चुलीच्या धुरात तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या स्त्रिया पुष्कळ. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लिहिले होते की, जगात लाकूड-शेणी यांसारख्या इंधनाच्या धुराला तोंड देणारे लोक सुमारे तीन अब्ज आणि धूम्रपान करणारे सुमारे एक अब्ज आहेत. अशी स्त्री बहुधा हडकुळी असते. श्वास घेण्याच्या श्रमातच तिची ऊर्जा खर्च होते, आणि जेवताना दम लागतो म्हणून ती अर्धे ताट सोडून उठते. सी.ओ.पी.डी.मध्ये कृशता हे वाईट लक्षण आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आता जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘बोड’ या मोजपट्टीत मृत्यूचा धोका ठरवण्यासाठी जे चार घटक धरतात, त्यांत पहिला शरीराच्या बांध्याचा आहे; उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २१ किंवा त्याहून कमी असेल तर धोका जास्त.

अशा स्त्रीला ‘छातीचा आजार आहे, तेल-तूप बंद करा’ असे घरचे सांगतात, शेजारी सांगतात, कधी कधी औषध देणाराही सांगतो. कशाच्या ऐवजी, हे कोणी सांगत नाही. तिच्या बाबतीत उत्तर भात किंवा भाकरी असे नसतेच. पोट भरले की ते श्वासपटलाला वर ढकलते आणि दम वाढतो, म्हणून गेलेल्या तेलाची भरपाई ती आणखी भाकरी खाऊन करू शकत नाही. तिच्या तेलाच्या जागी येते ती भूक. हृदयविकार बरोबर असेल तर तुपापेक्षा शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल बरे, आणि लठ्ठ रुग्णाचा हिशेब निराळा, हे खरे; पण कृश रुग्णाच्या ताटातून स्निग्धांश काढण्याला वर पाहिलेल्या सर्व संशोधनात कोठेच आधार नाही. चार लहान चमचे तेल म्हणजे २० ग्रॅम, १८० किलोकॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागते. त्यातून सुमारे १७० मिळतात. भाकरी चावायला, गिळायला, मध्ये थांबून श्वास घ्यायला तिला वीस मिनिटे लागतात. तेल आमटीत कालवले तर ते वेगळे खावेही लागत नाही.